रेंगाळत्या आवाजाचा हिशेबनीस

घर बदलताना सामानाचा शेवटचा ट्रक निघून गेला की रिकाम्या खोलीत आपण सहज एखादे वाक्य बोलतो आणि दचकतो. आवाज आपलाच असतो, पण तो भिंतींवरून परत येतो, घुमतो, परका वाटतो. पडदे, गाद्या, कपाटे आणि माणसे यांनी भरलेल्या त्याच खोलीत कालपर्यंत असे काही होत नव्हते. न्हाणीघरात गाणारा प्रत्येक जण स्वतःला दोन मात्रा चांगला गवई का समजतो, याचे उत्तरही या घुमण्यातच आहे.

डोंगरासमोर हाक मारली की काही क्षणांनी ती वेगळी ऐकू येते, तो प्रतिध्वनी. बंद जागेत मात्र असे हजारो प्रतिध्वनी एकमेकांत इतके मिसळून येतात की ते सुटे ऐकू येत नाहीत. मूळ आवाज थांबला तरी त्याची सावली हळूहळू विरत जाते. याला निनाद म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातली मंडळी त्याला नुसते 'रिव्हर्ब' म्हणतात. आज आपण ऐकतो त्यातली बहुतेक गाणी चहूबाजूंनी गादीकाम केलेल्या, अजिबात न घुमणाऱ्या खोलीत गायली जातात आणि देवळाचा, चर्चचा किंवा मोठ्या सभागृहाचा निनाद त्यांना नंतर यंत्राने चढवला जातो. त्या यंत्राच्या पडद्यावर एक आकडा असतो : १.२ सेकंद, २ सेकंद, ३.५ सेकंद. हा आकडा जगाला ज्याने दिला, तो वॉलेस क्लेमंट सेबिन १९१९ साली वयाच्या पन्नाशीत वारला. कॉम्प्युटर तर सोडाच, साधा ॲम्प्लिफायरही त्याच्या प्रयोगांत नव्हता. त्याच्याजवळ होता एक ऑर्गनचा पाइप, वेळ टिपणारे एक उपकरण, स्वतःचे कान आणि उसन्या आणलेल्या गाद्या.

सेबिनचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रिचवुड या लहानशा गावी झाला. मुलाची बुद्धी आईने वेळीच ओळखली होती. अठराव्या वर्षी, १८८६ साली, तो ओहायो स्टेट विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला आला. मुलांच्या शिक्षणासाठी आईनेही आपले बिऱ्हाड तिकडेच हलवले. १८८८ साली त्याने एम.ए. केले आणि तिथेच पदार्थविज्ञान शिकवू लागला. पीएच.डी. त्याने कधीच केली नाही. तो उत्तम शिक्षक होता, नाव मात्र विद्यापीठाच्या फाटकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

१८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. रिचर्ड मॉरिस हंट या नामांकित वास्तुविशारदाने ती बांधली होती. इमारत देखणी, पण तिच्यातले व्याख्यानगृह निव्वळ कुचकामी निघाले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. म्हणजे वक्ता कितीही सावकाश बोलला, तरी पहिले अक्षर विरण्याच्या आत पुढची बारा-पंधरा अक्षरे त्याच्यावर येऊन आदळत. श्रोत्यांना ऐकू येई तो नुसता गलबला.

विद्यापीठाचा अध्यक्ष चार्ल्स एलियट याने हे काम पदार्थविज्ञान विभागाकडे सोपवले आणि ते सत्तावीस वर्षांच्या सेबिनच्या गळ्यात पडले. त्या काळी सभागृहाचा आवाज ही नशिबाची गोष्ट मानली जाई. छताखाली तारा ताणा म्हणजे आवाज सुधारतो, खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीचे अमुक एक प्रमाण शुभ, असे ठोकताळे चालत. कशालाही मोजमापाचा आधार नव्हता.

सेबिनने ठरवले की आधी मोजायचे. ५१२ कंपनांचा एक ऑर्गन पाइप वाजवायचा, एकदम थांबवायचा आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ टिपायचा. दिवसा रस्त्यावरच्या ट्राम आणि माणसांचा गोंगाट असल्याने हे काम मध्यरात्रीनंतरच होई. जवळच्या सँडर्स थिएटरात आवाज उत्तम लागतो, हे सर्वांना माहीत होते आणि तिथल्या बाकांवर गाद्या होत्या. सेबिन आणि त्याचे मदतनीस रात्री त्या गाद्या वाहून आणीत, फॉगच्या बाकांवर थोड्या थोड्या करून पसरीत, प्रत्येक टप्प्यावर वेळ मोजीत आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवीत.

रिकाम्या खोलीत आवाज ५.६२ सेकंद टिके. सर्वच्या सर्व ४३६ आसनांवर गाद्या पडल्या तेव्हा तो २.०३ सेकंदांवर आला. मग बाकांमधल्या वाटा, व्यासपीठ आणि मागची भिंत छतापर्यंत झाकली, तेव्हा १.१४ सेकंदांवर. ही रात्रपाळी एक-दोन आठवडे नव्हे, काही वर्षे चालली.

याच काळातली एक गोष्ट मला या माणसाच्या स्वभावाची किल्ली वाटते. एकदा आकड्यांमध्ये बारीक फरक येऊ लागला. शोध घेता कळले की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. आज जाड कोट, उद्या पातळ, तसा आकडा बदलतो. सेबिनने तोवर घेतलेली तीन हजारांहून अधिक निरीक्षणे सरळ रद्द केली आणि नव्याने आरंभ केला. त्यानंतर प्रयोगाच्या वेळी तो ठरलेला एकच पोशाख घाली. तेच जाकीट, तीच विजार, तेच बूट. पुढे तर तो लाकडी पेटीत बसून फक्त डोके बाहेर ठेवी, म्हणजे स्वतःच्या देहाचाही हिशेबात घोटाळा नको. बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्याला ताळेबंदातला एक पैशाचा फरक शोधण्यासाठी रात्र जागवणारे जुने कॅशियर आठवतात. चुकीचे पान दुरुस्त करून भागणार नाही, ते फाडलेच पाहिजे, हे कळायला अक्कल लागते आणि फाडायला धैर्य.

दोन वर्षे उलटली तरी सेबिनचे मोजणे संपेना. अखेर एलियटचा धीर सुटला. व्याख्यानगृह सुधारण्यापुरते तुला आता नक्कीच कळले आहे, तेव्हा उपाय सांगून मोकळा हो, असे त्याने बजावले. भिंतींवर केसांचे जाड नमदे बसवण्यात आले. हॉल अप्रतिम झाला नाही, पण वापरण्याजोगा झाला.

१८९८ साली मोठे बोलावणे आले. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचा संस्थापक हेन्री ली हिगिन्सन नवे संगीतगृह बांधीत होता आणि वास्तुविशारद मॅकिम याला सल्ला देण्यासाठी एलियटने सेबिनचे नाव सुचवले. सेबिन कचरला. त्याच्याजवळ आकड्यांचा ढीग होता, पण न बांधलेल्या इमारतीचा आवाज आधीच सांगण्याचे सूत्र नव्हते. त्या शरद ऋतूत तो वह्या घेऊन घरी बसला आणि एका शनिवारी रात्री कोडे उलगडले. गाद्यांचे शोषण आणि आवाज टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार कायम राहत होता. एक दुप्पट तर दुसरा निम्मा, म्हणजेच गणितातला हायपरबोला नावाचा वक्र. ही बातमी त्याने सर्वांत आधी घरात असलेल्या आईला सांगितली. तिला हायपरबोलाचे महत्त्व कितपत कळले असेल कोण जाणे, पण मुलाच्या चेहऱ्यावरून काय ते समजले असणार. नंतर त्याने एलियटला कळवले की आपण हे काम स्वीकारू शकतो.

सूत्र शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. खोलीचे घनफळ जितके मोठे, तितका निनाद लांब. खोलीतल्या वस्तूंचे शोषण जितके जास्त, तितका तो आखूड. शोषण मोजायचे माप तर फारच सुंदर. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचे एक माप. गालिचा किती खिडक्यांएवढा, माणूस किती खिडक्यांएवढा, असा हिशेब मांडायचा. आवाजाची शक्ती मूळच्या दहा लाखाव्या हिश्श्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. तोच यंत्राच्या पडद्यावरचा आकडा.

बॉस्टनच्या मंडळींना लाइपझिगच्या गेवांडहाउस या प्रसिद्ध सभागृहाचा आवाज हवा होता, पण प्रेक्षक कितीतरी अधिक. तोच आराखडा सर्व बाजूंनी वाढवावा, असा बेत होता. सेबिनने गणित करून दाखवले की तसे केले तर घनफळ भलतेच वाढेल आणि संगीताचा चिखल होईल. त्याऐवजी लांबी वाढवून आणि वर आणखी एक सज्जा काढून जागा साधण्यात आली. गेवांडहाउसचा निनादकाल त्याने २.३० सेकंद धरला होता, बॉस्टनच्या जुन्या म्युझिक हॉलचा २.४४. नव्यासाठी आकडा निघाला २.३१. १५ ऑक्टोबर १९०० रोजी सिंफनी हॉलचे उद्घाटन झाले. आवाजाचे गणित आधी मांडून बांधलेले जगातले हे पहिले संगीतगृह.

स्वागत मात्र एकमुखी झाले नाही. जुन्या हॉलवर जीव असलेल्या टीकाकारांना नवा तितकासा रुचला नाही. पुढे अचूक मोजणी करता आली तेव्हा कळले की भरल्या हॉलचा निनादकाल २.३१ नसून सुमारे १.९ सेकंद आहे. प्रेक्षक किती शोषतात हे डोकी मोजून नव्हे, तर ते किती जागा व्यापून बसतात त्यावरून ठरवायला हवे, हे ध्यानात यायला आणखी अर्धे शतक जावे लागले. आणि गंमत पाहा, आज हाच सिंफनी हॉल व्हिएन्ना आणि ॲमस्टरडॅमच्या सभागृहांबरोबर जगातल्या सर्वोत्तम तिघांत गणला जातो. आकडा थोडा हुकला, पण हॉल साधला. अरुंद चौकोनी आकार, बाजूच्या जवळच्या भिंती, कोनाड्यांतले पुतळे, छताची नक्षी यांनी आवाजाला जे दिले, ते सूत्रात नव्हतेच.

आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, हे सेबिनलाही कळत असावे. १९०२ साली त्याने न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीच्या पाच लहान खोल्यांत एक प्रयोग केला. पियानो वाजत असताना तो खोलीत गाद्या कमी-जास्त करी आणि आता बरोबर वाटते का, असे जाणकार संगीतकारांना विचारी. त्यांनी पसंत केलेल्या निनादकालांची सरासरी १.०८ सेकंद आली. किती असावे हे कानाने सांगायचे, वहीने फक्त ते लिहून ठेवायचे, अशी ही वाटणी होती. पुढची काही वर्षे त्याने खर्जापासून तार स्वरांपर्यंत वेगवेगळ्या उंचीच्या आवाजांचे शोषण मोजण्यात घालवली, कारण एकच पडदा तार स्वर गिळतो आणि खर्ज सोडून देतो.

१९०० सालीच त्याने जेन केली या डॉक्टर असलेल्या मुलीशी लग्न केले होते. दोन मुली झाल्या. तो हार्वर्डमध्ये डीन झाला. मग महायुद्ध आले. १९१६ साली तो पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात व्याख्याने द्यायला गेला आणि तिथून युद्धकामात ओढला गेला. विमानदळासाठी फ्रान्स आणि इटलीच्या आघाड्यांवर हिंडला. मूत्रपिंडाचा विकार बळावला. परतल्यावरही वॉशिंग्टनचे सरकारी काम आणि हार्वर्डचे वर्ग अशी त्याची दुहेरी ओढाताण चालू राहिली. शस्त्रक्रिया लांबणीवर पडत गेली. युद्ध संपल्यावर ती झाली, पण उशीर झाला होता. १० जानेवारी १९१९ रोजी तो गेला. त्याच्यासाठी म्हणून इलिनॉय राज्यात रिव्हरबँक येथे ध्वनीची प्रयोगशाळा बांधली होती. तिथे काम करणे त्याच्या नशिबी नव्हते. ती पुढे पॉल सेबिन या त्याच्याच नात्यातल्या शास्त्रज्ञाने चालवली.

सेबिनचा आकडा इमारतीतून यंत्रात कसा शिरला, ही पुढची कथा. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर निनादाची टंचाई भासू लागली. १९४७ साली शिकागोत बिल पटनम याने स्टुडिओच्या न्हाणीघरात ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन ठेवून गाण्याला घुमारा दिला. १९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीने दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगून तो थरथरवण्याची युक्ती काढली. पत्र्याचा निनाद दाट आणि झळाळता, पण धूड हलवायला हमाल लागत.

मग मानफ्रेड श्रोडर हा जर्मन शास्त्रज्ञ आला. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९६१-६२ च्या सुमारास त्याने खोलीशिवाय, पत्र्याशिवाय, केवळ आकडेमोडीने निनाद घडवण्याची रीत मांडली. आवाज आकड्यांच्या रूपात साठवायचा, ३० सहस्रांश सेकंदांनी परत सोडायचा आणि दर फेरीला थोडा घटवायचा. किती घटवायचा, ते सेबिनचा आकडा ठरवतो. दोन सेकंदांचा निनाद हवा असेल, तर दर फेरीला सुमारे दहा टक्के कपात. अशा सदुसष्ट फेऱ्यांनंतर लहरींची उंची हजाराव्या आणि शक्ती दहा लाखाव्या हिश्श्यावर येते. घटत्या शिलकीचा हा हिशेब कोणत्याही बँकवाल्याला लगेच ओळखू येईल.

अशा एका चक्राचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून त्याला कंगवा म्हणतात. श्रोडरने असे चार कंगवे शेजारी शेजारी ठेवले, त्यांचे वेळ एकमेकांत न बसणारे निवडले आणि पुढे आणखी दोन टप्पे जोडून प्रतिध्वनींची दाटी सेकंदाला हजाराच्या घरात नेली. गाण्याच्या संथ स्वरांना हे चालून जाई. तबल्यावर थाप पडावी तसा आवाज दिला की मात्र डबा वाजल्यासारखी धातूची खणखण ऐकू येई. कारण कंगव्याचे दात काही ठरावीक स्वरांनाच झुकते माप देतात. निनादकाल अचूक दोन सेकंद, पण खोली पत्र्याची!

१९७६ साली ईएमटीने बॅरी ब्लेसर या एमआयटीच्या तज्ज्ञाच्या मदतीने पहिले नावाजलेले डिजिटल रिव्हर्ब यंत्र बाजारात आणले. दिसायला खोली गरम करायच्या शेगडीसारखे, वर मोठाले दांडे. १९७८ साली लेक्सिकन कंपनीचे २२४ हे यंत्र आले. ते घडवणारा डेव्हिड ग्रिसिंगर हार्वर्डचाच पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. त्याच्या रचनेत आवाज लांबलचक वळशांतून फिरत राहतो आणि फेरीचा वेळही सतत हलकेच कमी-जास्त होतो. त्यामुळे कोणताच स्वर ठाण मांडून बसत नाही, खणखण विरते आणि रेशमी मऊपणा येतो. किंमत इतकीच, की पियानोचा लांबलेला एकटा स्वर कधी कधी किंचित हेलकावल्यासारखा वाटतो. खर्जासाठी आणि मधल्या स्वरांसाठी निनादकाल वेगळा ठेवण्याची सोय या यंत्रात होती. सेबिनने रात्री जागून वेगवेगळ्या उंचीचे आवाज मोजले होते, ते असे कामी आले.

तिसरी रीत १९९९ मध्ये सोनीच्या यंत्राने आणली. खऱ्या सभागृहात एक ठरलेला आवाज सोडायचा, त्याचे उत्तर मुद्रित करायचे आणि ते सीडीवरून यंत्रात घालून कोणत्याही गाण्यावर चढवायचे. दोन सेकंदांचे असे उत्तर म्हणजे जवळजवळ एक लाख आकडे. ते सरळ गुणत बसले तर सेकंदाला साडेचार अब्ज गुणाकार होतात, म्हणून त्यासाठी झटपट गणिताच्या युक्त्या वापराव्या लागतात. श्रोडर आणि ग्रिसिंगर यांची चित्रकला म्हटली, तर हा फोटो. फोटो खरा असतो, पण हालत नाही. शिवाय मुद्रण बहुधा रिकाम्या सभागृहात होते आणि रिकामे सभागृह भरल्यापेक्षा जास्त घुमते. तीन हजार आकडे फाडायला लावणारे अंगावरचे कपडे इथेही आडवे येतातच.

या सर्व यंत्रांवर दोन सेकंद लावून एकच टाळी वाजवून पाहा. एक पत्रा वाजवील, एक मखमल पसरील, एक खरोखरीच्या दालनात नेऊन उभे करील. आकडा तोच, जागा वेगळ्या. आवाज किती काळ रेंगाळतो हे सेबिनने सांगितले. त्या काळात काय काय घडते, पहिले पडसाद कोणत्या बाजूने येतात, दाटी केव्हा होते, हे प्रत्येक कारागिराला आपल्या कानाने भरावे लागते. नुसत्या हिशेबाने चांगला हॉल उभा राहत नाही, हे १९६२ साली न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलने दाखवून दिले. नामांकित तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बांधलेला तो हॉल फसला आणि १९७६ साली आतून नव्याने बांधावा लागला.

म्हणून सेबिनचे मोठेपण कमी होत नाही, उलट नीट कळते. त्याच्यापूर्वी चांगला आवाज दैवाधीन होता. त्याने दैवाच्या हातून जेवढे काढून घेता येईल तेवढे काढून घेतले आणि उरलेले प्रामाणिकपणे कानावर सोपवले. फॉगचे ते व्याख्यानगृह १९७३ साली पाडले गेले. गेवांडहाउस दुसऱ्या महायुद्धात गेले. सिंफनी हॉल मात्र उभा आहे आणि शोषणाच्या मापाला जग आज 'सेबिन' म्हणते. एखाद्या शांत गाण्याचा शेवटचा स्वर थांबल्यावरही क्षणभर हवेत राहिलेला वाटला, तर समजावे की कुठेतरी कुणीतरी एक आकडा लावला आहे आणि मग डोळे मिटून, कानाने त्याची खात्री करून घेतली आहे.